मधल्या फळीतला माणूस

आधी दोन याद्या देतो. शांतपणे वाचा, घाई नाही.

पहिली यादी अर्जुन पुरस्काराची. हा पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. पहिल्या सात वर्षांत फुटबॉलसाठी तो असा मिळाला: १९६१ पी. के. बॅनर्जी, १९६२ तुलसीदास बलराम, १९६३ चुनी गोस्वामी, १९६४ जर्नेल सिंग, १९६५ अरुण घोष, १९६६ युसुफ खान, १९६७ पीटर थंगराज.

दुसरी यादी ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात आशियाई खेळांची फायनल खेळलेल्या भारतीय संघाची. गोलमध्ये थंगराज. मागे चंद्रशेखर, अरुण घोष आणि त्रिलोक सिंग. मधे प्रशांत सिन्हा आणि फॉर्च्युनातो फ्रँको. पुढे पी. के., युसुफ खान, जर्नेल सिंग, चुनी गोस्वामी आणि बलराम.

आता पहिली यादी दुसरीवर ठेवून बघा. पुरस्कार मिळालेले सातच्या सात जण या अकरांतले आहेत. उरले चार. त्यांत दोन बॅक, आणि मधे खेळणारे दोघंच्या दोघं.

गोलकीपरला मिळाला, मागच्यांना मिळाला, पुढच्या पाचपैकी पाचही जणांना मिळाला. मधल्या फळीची पाटी मात्र कोरी. आजचा लेख त्या मधल्या दोघांपैकी एकावर आहे: गोव्याचे, मुंबईत खेळलेले फॉर्च्युनातो फ्रँको.

हा विषय मी घरात बोललो तेव्हा आमच्या एका काकाजींनी फोनवरच विचारलं, "काहून रे, आपल्या इकडं फुटबॉल कोन पायते बाप्पा?" काकाजींचं म्हणणं अगदीच चूक नाही. वाशिम जिल्ह्यात फुटबॉल म्हणजे शाळेच्या पटांगणात पोरांनी उडवलेली धूळ. इथं कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल आणि अर्थातच क्रिकेट. वऱ्हाडात खेळाचं शिक्षण म्हटलं की अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवतं, आणि विदर्भात फुटबॉलचं वेड बघायचं तर नागपूरजवळच्या कामठीला जावं लागतं. तरी मी लिहितो आहे, कारण मधल्या फळीतला माणूस फक्त फुटबॉलमध्ये असतो असं मला वाटत नाही. पण ते पुढे येईलच.

तर मंडळी, आधी थोडा काळ समजून घेऊ.

आपण ज्याला आज मिडफिल्डर म्हणतो त्याला तेव्हा हाफ-बॅक म्हणत. नावातच त्याची गोची आहे बघा. धड पुढचा नाही, धड मागचा नाही. समोरच्या संघाची चढाई सुरू झाली की मागे धावायचं, चेंडू हिसकायचा, मान वर करून आपला कोण मोकळा आहे ते बघायचं, त्याच्या पायात चेंडू द्यायचा आणि तो पुढे पळाला की त्याच्या मागची रिकामी जागा आपण जाऊन भरायची. हे काम नव्वद मिनिटं. गोल झाला की रेडिओवर नाव येतं मारणाऱ्याचं. गोल वाचला की कौतुक होतं गोलकीपरचं. आणि मधल्याची चूक झाली तर मात्र ती सगळ्यांना दिसते.

कागदावर जकार्ताचा संघ मांडला तर मागे तीन, मधे दोन, पुढे पाच असा दिसतो. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतील. आज मधे तीन, चार, कधी पाच माणसं असतात. तेव्हा दोघांनी अख्खं मधलं मैदान सांभाळायचं. पुढच्यांपैकी कुणी मागे येऊन हात देत असे, हे खरं. पण मूळ जबाबदारी त्या दोघांची.

आता फ्रँको. मूळचे गोव्याचे, पण त्यांचा खेळ फुलला तो मुंबईत. यात नवल काही नाही. गोव्यातून मुंबईला पोटापाण्यासाठी येणारी माणसं पिढ्यान् पिढ्या येत होती. धोबीतलाव भागात त्यांचे 'कूड' असत, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेल्या राहायच्या जागा. एका खोलीत ओळीने ट्रंका, कोपऱ्यात देव्हारा, आणि बोटीवर किंवा कचेरीत नोकरी मिळेपर्यंतचा मुक्काम. या लोकांनी मुंबईला संगीत दिलं, स्वयंपाकी दिले, खलाशी दिले आणि फुटबॉलपटूही दिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारे नेव्हिल डिसूझा हेही गोव्याकडचे आणि मुंबईत टाटांच्या संघातून खेळलेले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई. त्या वेळी भारत चौथा आला होता.

फ्रँकोही टाटांकडून खेळले. पुढे गोव्याच्या साळगावकर संघाकडून खेळले, आणि संतोष ट्रॉफी खेळले ते महाराष्ट्राकडून. याच काळात, १९६३-६४ च्या हंगामात, महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली. राज्य स्थापन होऊन तेव्हा चार वर्षंही झाली नव्हती. मुंबईत तेव्हा कूपरेजवर रोव्हर्स कपचे सामने होत. १८९१ पासून चालत आलेली ती स्पर्धा, आणि तिला गर्दी होत असे. आता ती स्पर्धाही इतिहासजमा झाली.

१९६० साली रोम ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. इथे जरा थांबा. तारखा बघा. रोमचं ऑलिंपिक ऑगस्ट-सप्टेंबर १९६० चं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. म्हणजे हा माणूस भारताचा निळा शर्ट घेऊन रोमला गेला तेव्हा त्याच्या मूळ गोव्यावर पोर्तुगालचा अंमल होता! गोवा भारतात यायच्या आधी गोव्याचा माणूस भारताच्या संघात होता. आणि १ मे १९६० ला जन्मलेलं महाराष्ट्र राज्य तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं. नकाशे मागाहून बदलले. माणसं आधीच एकत्र खेळत होती.

रोममध्ये भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू होते. गट सोपा अजिबात नव्हता. हंगेरीकडून १-२ अशी हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी आणि पेरूकडून १-३ हार. स्पर्धा संपली. पण त्याच स्पर्धेतला एक निकाल मला फार आवडतो. यजमान इटलीला उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने बरोबरीत रोखलं आणि निकाल लागला चिठ्ठ्यांवर. इटलीचं नशीब फुटकं निघालं. मग ब्राँझसाठी इटलीची गाठ हंगेरीशी पडली आणि इटली हरली, तीही १-२ नेच. म्हणजे हंगेरीपुढे भारत आणि इटली यांचा स्कोअर अगदी सारखा. आज कुणाला सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

त्या इटलीच्या संघात मधल्या फळीत एक पोरगा होता. जियानी रिव्हेरा. स्पर्धा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सतरा वर्षांचा झालेला. भारताची आणि इटलीची मैदानात गाठ पडली नाही, पण एकाच ऑलिंपिकच्या संघांत फ्रँको आणि रिव्हेरा ही दोन नावं होती. दोघं मधल्या फळीतले. पुढचं आयुष्य बघा कसं वेगळं गेलं.

रिव्हेरा एसी मिलानकडून १९७९ पर्यंत खेळला. इटलीचं विजेतेपद तीनदा, युरोपियन कप दोनदा (१९६३ आणि १९६९). १९६९ साली युरोपातला सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याला बॅलन डी'ओर मिळाला. लोक त्याला 'सोन्याचा मुलगा' म्हणायचे. निवृत्तीनंतर १९८७ साली तो इटलीच्या संसदेत निवडून गेला, पुढे संरक्षण खात्यात उपमंत्रीही झाला. मधल्या फळीतल्या माणसाला एखादा देश इतकं देऊ शकतो.

पण थांबा, त्यालाही मधल्या फळीचं भोग चुकलं नाही. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात इटलीच्या प्रशिक्षकांना प्रश्न पडला की माझोला खेळवायचा की रिव्हेरा. तोडगा असा निघाला की पहिला अर्धा माझोलाने खेळायचा, दुसरा रिव्हेराने. (विश्वचषकात बदली खेळाडूची सोय त्याच वर्षी पहिल्यांदा आली होती.) उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध जादा वेळेत ४-३ असा विजयाचा गोल रिव्हेराने मारला. आणि चारच दिवसांनी ब्राझीलविरुद्ध फायनलमध्ये त्याला मैदानात उतरवलं ते शेवटच्या सहा मिनिटांसाठी! युरोपच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला सहा मिनिटं. इटलीत त्यावर किती वाद झाला म्हणता. पण वाद तरी झाला. आपल्याकडे वाद व्हायलाही आधी नाव माहीत असावं लागतं.

असो. आपण जकार्ताला जाऊ.

१९६२ च्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसच्या संघाला त्यांनी १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकून दिला होता. जकार्ताला गेले तेव्हा कॅन्सर त्यांना पोखरत होता. सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. मग थायलंडवर ४-१, पण त्या सामन्यात जर्नेल सिंगचं डोकं फुटलं, टाके पडले. जपानवर २-०. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२. टाके घातलेल्या जर्नेलला रहीमसाहेबांनी बॅकच्या जागेवरून काढून पुढे सेंटर-फॉरवर्डला खेळवलं, आणि तो तिथेही गोल मारू लागला.

मैदानाबाहेर वेगळंच पेटलं होतं. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला स्पर्धेत येऊ दिलं नव्हतं. त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी उघड आक्षेप घेतला. जकार्तात लोक भडकले, भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला. फायनलला सेनायन स्टेडियममध्ये लाखभर माणूस आणि जवळजवळ सगळा आपल्या विरोधात ओरडणारा. आपल्या बाजूने टाळ्या वाजवणाऱ्यांत होता पाकिस्तानचा हॉकी संघ, ज्याने त्याच स्पर्धेत हॉकीच्या फायनलमध्ये आपल्याला हरवलं होतं!

सतराव्या मिनिटाला पी. के. चा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नेलचा गोल. २-०. आणि मग?

मग उरली सत्तर मिनिटं. पेपरात दोन गोलांच्या दोन ओळी येतात, पण सामना त्या दोन ओळींच्या मधे खेळला जातो. ज्या कोरियाने नऊ दिवसांपूर्वी आपल्याला हरवलं होतं, तोच कोरिया आता परतफेडीसाठी अंगावर येत होता. कोरियाला गोल मिळाला तो शेवटी, ८५ व्या मिनिटाला. विसाव्या मिनिटापासून पंचाऐंशीव्या मिनिटापर्यंत दोन गोलांची ती आघाडी कुणी धरून ठेवली? मागच्या तिघांनी आणि थंगराजने, अर्थातच. पण त्यांच्यापर्यंत चेंडू पोहोचायच्या आधी जो माणूस आडवा येतो तो हाफ-बॅक. फ्रँको आणि सिन्हा. २-१ ने सुवर्णपदक. आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं ते दुसरं आणि आजवरचं शेवटचं सुवर्ण. त्यानंतर १९७० साली बँकॉकला एक ब्राँझ, आणि मग काहीच नाही.

त्या अकरांत गोव्याचे फ्रँको एकटे होते. गोवा भारतात येऊन तेव्हा साडेआठ महिने झाले होते.

रहीमसाहेब जून १९६३ मध्ये गेले. सात खेळाडूंना ओळीने अर्जुन मिळत गेले.

आता तुम्ही म्हणाल, याला कटकारस्थान म्हणायचं आहे का? नाही. त्या सातांपैकी एकाचंही नाव खोडावं असं नाही. फुटबॉलची पंढरी तेव्हा कलकत्ता होती, आणि कलकत्त्याच्या क्लबांतून खेळणाऱ्यांची नावं रोज छापून येत, हे एक कारण असेलच. उरलेल्या चौघांपैकी फ्रँको आणि चंद्रशेखर हे दोघं मुंबईच्या क्लबांतले. चंद्रशेखर मूळ केरळचे, पण खेळले इथल्या कॅलटेक्सकडून. पण प्रशांत सिन्हा तर बंगालचेच होते, तरी त्यांचं नाव नाही. रोमच्या संघातले रामबहादूर आणि केंपय्या हे दोघंही नावाजलेले हाफ-बॅक. तेही या यादीत नाहीत. म्हणून मला वाटतं की दोष शहराचा कमी आणि जागेचा जास्त. आपण मोजतो ते गोल. गोल मोजायला सोपे असतात. अडवलेला चेंडू, वेळेवर दिलेला पास, दुसऱ्याची भरून काढलेली जागा, यांचा हिशेब तेव्हा कुणी ठेवला नाही. त्या सामन्यांचं धावतं चित्रणही आज फारसं बघायला मिळत नाही. मग उरतो तो स्कोअरकार्ड, आणि त्यात मधल्या फळीला रकानाच नाही.

गंमत म्हणजे आज तो रकाना आला आहे. कुणी किती किलोमीटर धावलं, किती पास दिले, किती वेळा चेंडू हिसकला, सगळं सामना संपायच्या आत पडद्यावर येतं. आजच्या मधल्या फळीला तो आधार आहे. साठ वर्षांपूर्वीच्यांना मात्र तो मागे जाऊन देता येत नाही. त्यांच्यासाठी एकच गोष्ट करता येते: नाव घ्यायचं.

वाशिमच्या माणसाला ही यादीची गोष्ट जरा जास्त कळते, असं मला वाटतं. इंग्रजांच्या काळात वाशिम जिल्हा होता. १९०५ साली तो मोडला आणि आपण अकोल्याखाली गेलो. पुन्हा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मधली त्र्याण्णव वर्षं जिल्ह्यांच्या यादीत वाशिम नव्हतं. म्हणून काय इथं माणसं नव्हती? कापूस पिकत नव्हता? वत्सगुल्म म्हणून वाकाटकांची राजधानी इथं होती ते खोटं झालं? यादीत नसणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण तीन पिढ्या जगून बघितलं आहे.

आणि मघाशी म्हणालो तसं, मधली फळी घरोघरी असते. लग्नाच्या फोटोत नवरानवरी असतात, आईबाप असतात, आहेर देणारे असतात. पण रात्रभर आचाऱ्याजवळ बसून राहिलेला, पंगतीत कुठल्या ओळीला वरण गेलं नाही ते बघणारा, वऱ्हाडाच्या गाडीचं टायर बसलं तेव्हा दुसरी गाडी पाठवणारा जो कुणी मावसभाऊ असतो, तो कुठल्याच फोटोत नसतो. शेतात सालदार असतो. पीक आलं की नाव शेतकऱ्याचं, पीक गेलं की बोलणी सालदाराला. आमच्या घरच्या वाचकांना मी कुणाबद्दल बोलतोय ते कळलं असेल. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये 'मैदान' नावाचा हिंदी सिनेमा आला. अजय देवगणने रहीमसाहेबांचं काम केलं. त्यामुळे निदान जकार्ताची गोष्ट नव्या पोरांना कळली. पण उशीर किती झाला बघा. पी. के. मार्च २०२० मध्ये गेले, चुनी गोस्वामी त्याच वर्षी एप्रिलमध्ये. फ्रँको १० मे २०२१ ला गेले आणि चंद्रशेखर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. बलराम फेब्रुवारी २०२३ मध्ये. सिनेमा पडद्यावर आला तेव्हा त्या अकरांपैकी बहुतेकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

फ्रँको गेले ते दिवस आठवतात ना? कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे. वाशिममध्ये काय, गोव्यात काय, रोज सकाळी फोन हातात घ्यायची भीती वाटायची. त्या गर्दीत एका जुन्या हाफ-बॅकची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली असेल आणि गेली असेल. जन्मभर मधे खेळलेल्या माणसाचं जाणंही असं बातम्यांच्या मधेच झालं.

काकाजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच की इकडं फुटबॉल कुणी बघत नसेल, पण ही गोष्ट इकडची आहे. आता एक काम सांगतो. तुमच्या गावात, शाळेत, तालमीत, भजनी मंडळात असा मधल्या फळीतला कुणी असेल, तर त्याचं नाव, गाव आणि त्याने काय केलं ते वहीच्या एका पानावर लिहून ठेवा. तारखांसकट लिहा. मोठं काही लागत नाही. जकार्ताच्या त्या अकरांची नावं निदान कागदावर राहिली, म्हणून आज वाशिममध्ये बसून दोन याद्या एकावर एक ठेवता आल्या.